पीठ फुगवायच्या खोलीची कडी

जबाब देणार: बेकरीतल्या मावशी, वय ५८, धंदा बेकरीकाम, राहणार बेकरीच्याच वरच्या मजल्यावर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझा मुलगा व सून असे राहतो. मुलगा बेकरीची गाडी चालवतो. सून माझ्यासोबत पावाच्या कामाला आहे व काम आटोपून वजन उचलण्याचा सराव करते. अंगाने एवढीशी असून भलतेच वजन उचलते, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. मीही म्हणते.

मुंगीला सरकारच्या खेळाडू योजनेतून दरमहा मानधन मिळते. त्यातून तिचा खुराक, गुडघ्याचे उपचार व व्यायामशाळेची फी भागते. ते थांबले तर तिचा खेळ थांबला, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. आज दुपारी स्टेडियमवर योजनेची चाचणी होती व त्याआधी खेळाडूंचे वजन होणार होते. मुंगीचे वजन तिच्या वजनगटाच्या मर्यादेपेक्षा थोडे जास्त भरत होते. गट बदलला की मानधन गेले, असे व्यायामशाळेत सर्वजण सांगत. सकाळी तिचे कोच बेकरीत येऊन मला म्हणाले, "मावशी, आज हिला पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही." तेव्हापासूनच माझे डोके फिरले होते.

मुंगी वजनाला आलीच नाही, असा दुपारी कोचचा फोन आला. तिची सायकल दारात व मोबाइल पिठाच्या पोत्यावर होता. मुलगा पाव पोचवायला गेला होता. मी तशीच पिठाच्या हातांनी ठाण्यात आले व सून बेपत्ता असल्याची तक्रार दिली. माझा संशय कोचवर आहे, असेही सांगितले. तो संशय या जबाबाने मागे घेत आहे. माणूस फटकळ आहे, एवढेच.

तक्रारीवरून हवालदार माझ्यासोबत बेकरीत आले. पीठ मळायचे यंत्र चालू होते. हवालदार म्हणाले, "आधी ते बंद करा, मला माझंच ऐकू येईना." यंत्र थांबताच पीठ फुगवायच्या खोलीच्या दारावर आतून धपधप ऐकू आली. हवालदारांनी कडी काढली. मुंगी अंगात दोन स्वेटर व त्यावर प्लास्टिकचे पोते घालून वाफेत जमिनीवर बसली होती. ओठ पांढरे पडले होते. मला बघून म्हणाली, "आई, वजन किती वाजेपर्यंत घेतात?" ती बोलली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

जेवणाच्या सुट्टीत तिकडे कोणी फिरकत नाही, या हिशेबाने ती घाम गाळून वजन उतरवायला आपणहून आत बसली होती. गुदमरू नये म्हणून तिने दार किंचित उघडे ठेवले होते.

कडी बाहेरून कोणी लावली, असे विचारले असता सांगते की, मी लावली. त्या खोलीतली ऊब गेली की पीठ बसते. म्हणून ज्याला दार उघडे दिसेल त्याने आत न डोकावता ते ओढून कडी घालायची, अशी आमच्याकडे शिस्त आहे. ती शिस्त मीच लावली. आज येता-जाता माझा हात सवयीने कडीवर गेला. सुनेला कोंडून मी तिला बाहेर शोधत होते. याबद्दल मला अधिक काही सांगायचे नाही.

दवाखान्यात तिला सलाइन लावले. थोडा आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले. योजनेच्या कार्यालयातील मॅडम तिथे आल्या, तेव्हा मुंगी उठून त्यांची माफी मागू लागली. मॅडम म्हणाल्या, "अगं वेडे, मानधन खेळाडूला असतं, वजनकाट्याला नाही. वरच्या गटात खेळ की! आजारपणात चुकलेली चाचणी पुन्हा घेतो आम्ही. दवाखान्याचा खर्चही योजनेतून मिळतो. कोणी विचारायला आलात का कधी?" कोच भिंतीवरचे घड्याळ बघत उभे राहिले. मुंगीने माझ्याकडे बघितले व विचारले, "म्हणजे मी जेवू?"

मुलगा गाडीतले उरलेले पाव घेऊन धावत आला होता. डॉक्टरांना विचारून तिला दिले. रोज पाव भाजणारी पोर, पण तिला इतक्या चवीने पाव खाताना मी कधी पाहिले नव्हते. मला फार बरे वाटले.

सून सापडल्याने बेपत्ताची तक्रार बंद करावी. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सदर खोलीची कडी मी स्वतः स्क्रू काढून सोबत आणली आहे. ती जमा करून घ्यायची गरज नाही, असे हवालदार म्हणतात. तरी मी ती टेबलावर ठेवून जात आहे. पीठ बसले तर बसू दे.

जबाब मी हवालदारांकडून मोठ्याने वाचून घेतला. मुंगी सापडली तिथे 'समाधान वाटले' असे लिहिले होते. मी 'जीव भांड्यात पडला' असे सांगितले होते, ते तसे करून घेतले. आता सगळे माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.