न दिसणारं घुंगरू

ताई : ...आणि सगळ्यात काय आवडलं सांगू? कुणी फुकटची बडबड करत नाही. भाग संपला आणि वाटलं, कुणीतरी डोक्यावरून हात फिरवून गेलं.

धाकटी : बघ! आणि मी इतके दिवस मागे लागलेय तुझ्या, तर म्हणे "कार्टून बघायचं वय आहे का माझं?"

ताई : मग कार्टूनच आहे ते.

धाकटी : ॲनिमे म्हणतात गं त्याला, ॲनिमे!

ताई : नाव काहीही ठेव. नदीच्या जागी धुकं वाहतंय, त्यात होडी, आणि एक पोरगी घरोघरी दिवे लावत हिंडतेय. कशासाठी ते कुणी सांगत नाही, आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. रोज मशीनसमोर डोकं उठवून घरी येते मी. असं काहीतरी हवं होतं मला.

धाकटी : मला तर वाटतं ती पोरगी मेलेली आहे. म्हणजे ते अख्खं गावच मेलेल्यांचं असणार, आणि ते पांढरं हरीण आहे ना, सावली नसलेलं, ते एकटंच जिवंत. सावली उलट असते त्यांच्या जगात, म्हणजे ज्याला सावली नाही तोच खरा, असं काहीतरी दाखवतील बघ शेवटी!

ताई : पहिल्याच भागात अख्खं गाव मारलंस की. जरा दम धर.

धाकटी : बरं, तुला कोण आवडलं?

ताई : हरीण. ती चालली की ते मागे चालतं, ती थांबली की थांबतं. ती एकदाही वळून बघत नाही, हाक मारत नाही. आणि पुलावर बघ, ती पुढे गेली, पण ते जागचं हललं नाही. मला भरून आलं तिथे. म्हटलं, मुक्या जनावराला कळलं, हिला आता एकटीला जायचंय. मनातलं ओळखलं त्यानं.

धाकटी : मनातलं कसलं? घुंगरू वाजायचं थांबलं म्हणून थांबलं ते.

ताई : कुठलं घुंगरू?

धाकटी : तेच तर कोडं आहे ना! दिसत नाही कुठेच, नुसतं ऐकू येतं. ती चालली की छुन, छुन. इंटरनेटवर नुसता धुरळा उडालाय. कुणी म्हणतं तिच्या कोटाच्या अस्तरात शिवलंय, कुणी म्हणतं हरणानंच गिळलंय. तुला काय वाटतं?

ताई : असेल कोटातच.

धाकटी : "असेल कोटातच" काय? सबंध भागभर वाजत होतं ते, ताई.

ताई : माझं लक्ष खालच्या अक्षरांकडे होतं. वाचू का घुंगरं ऐकत बसू?

धाकटी : पण घुंगरू वाजतं तेव्हा कुणी बोलतच नसतं. खाली अक्षरं नसतातच.

ताई : तू आता वकिली करू नकोस. चहाचं बघ. केव्हाची किटली ठेवलीये, पण शिट्टी काही होईना. गॅस संपला की काय कोण जाणे.

(स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी चांगली खणखणीत वाजते आहे.)

धाकटी : ...ताई.

ताई : काय? भूत बघितल्यासारखी काय बघतेस?

धाकटी : किटली वाजतेय. मघापासून वाजतेय.

ताई : रस्त्यावरून ट्रक वगैरे जात असेल, त्यात मला...

धाकटी : ट्रक नाहीये. काहीच नाहीये. नुसती किटली आहे.

ताई : मग जा ना, बंद कर. उभी काय राहिलीस?

धाकटी : केली बंद. हा घे चहा. आणि आता सांग, कधीपासून?

ताई : कशाचं कधीपासून? साखर कमी आहे यात.

धाकटी : वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. कधीपासून ऐकू येत नाही तुला?

ताई : येतं की. माणसांचं सगळं येतं. तुझं तर नको तेवढं येतं. बारीक आवाज तेवढे गेले. आधी पाखरं गेली. मला वाटलं, खिडकीतलं झाड तोडलं असेल, म्हणून गेली.

धाकटी : झाड तर आहे की अजून.

ताई : हो. पडदा सरकवून बघितलं, तर होतं. चांगलं पाखरांनी भरलेलं. चोची उघडत होती नुसती.

धाकटी : आणि तू कुणाला बोलली नाहीस.

ताई : काय बोलायचं? पाखरं गप्प झाली म्हणून तक्रार कुणाकडे करायची?

धाकटी : थांब, थांब. कारखान्यात तुझ्या कागद कापायच्या मशीनला ती टिणटिण असते ना? पातं खाली यायच्या आधी वाजते ती?

ताई : त्याच्या शेजारी लाल दिवापण लागतो. माझं दिव्यावर चालतं. पुस्तकाची थप्पी सरळ केली, दिवा लागला की हात बाहेर. काही अडत नाही.

धाकटी : मग परवा फोरमननं तुला दंड धरून मागे का ओढलं? तू आल्या आल्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. "बाईमाणसाला असं ओढतात का," म्हणालीस. मीसुद्धा तुझ्याबरोबर शिव्या दिल्या बिचाऱ्याला. ताई, का ओढलं त्यानं?

ताई : दिव्याचा बल्ब गेला होता.

धाकटी : ताई!

ताई : किंचाळू नकोस. एवढं येतं ऐकू.

धाकटी : उद्या तू त्या मशीनवर बसायचं नाहीस. मी स्वतः येऊन सांगते फोरमनला.

ताई : तू मध्ये पडायचं नाहीस! मला काय करतील ठाऊक आहे? पॅकिंगला बसवतील, खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला. सगळी हयात त्या पात्यापाशी गेली माझी. नवीन माणूस आला की आधी माझ्याकडे पाठवतात, कागदाची धार बघायला शीक म्हणून. आणि मी चिकटपट्ट्या लावू?

धाकटी : बोटं शाबूत राहिली तर चिकटपट्ट्या तरी लावशील.

ताई : ...फार फटकळ झालीस.

धाकटी : तुझ्याच हाताखाली वाढले. ताई, रडतेस का?

ताई : चहा गरम आहे.

धाकटी : बरं.

ताई : तुला बाबा आठवतात? शेवटी शेवटी?

धाकटी : आठवतात. टीव्ही एवढा मोठा लावायचे की शेजारी भिंत ठोकायचे.

ताई : ते नाही. आपण जेवायला बसलो की हसायचो कशावर तरी. ते विचारायचे, काय झालं, काय झालं. आणि आपण काय म्हणायचो?

धाकटी : ..."काही नाही बाबा, जाऊ दे."

ताई : मग त्यांनी विचारायचंच सोडलं. ताटाकडे बघून जेवायचे. मला त्या मशीनची भीती नाही वाटत गं. मला त्या "जाऊ दे"ची भीती वाटते. म्हणून नाही बोलले.

धाकटी : नाही म्हणणार.

ताई : सगळे म्हणतात. दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा जाऊ दे.

धाकटी : मी एक गोष्ट दहा वेळा सांगते, न विचारता. माझा नवरा याच कारणानं वैतागलाय. तुला "जाऊ दे" म्हणायला मला जमेल का?

ताई : ...ते खरं आहे म्हणा.

धाकटी : डॉक्टरकडे जाऊ. कानात घालायचं यंत्र मिळतं हल्ली, शेंगदाण्याएवढं. केसांआड कळत पण नाही.

ताई : आणि बाबांचं टेबलाच्या खणातच राहिलं, कुरकुर करतं म्हणून.

धाकटी : तुझं कुरकुर करायला लागलं तर मी त्याच्यावर कुरकुर करीन. पण आधी मशीन.

ताई : फोरमनला मी सांगते. उद्या, कामाला हात लावायच्या आधी. त्याची माफीपण मागायला हवी. भला माणूस आहे, उगीच बोलले त्याला. पण मी सांगणार. तू दारातसुद्धा उभी राहायचं नाहीस.

धाकटी : समोरच्या फुटपाथवर?

ताई : फुटपाथवर चालेल.

धाकटी : आता हसलीस. दुसरा भाग लावू?

ताई : मला तर वाईटच वाटतंय. म्हटलं, केवढी शांतता आहे यात, माझ्यासाठीच केल्यासारखी. तर ती शांतता त्यात नव्हतीच. माझीच होती. हरणाला मनातलं बिनातलं काही कळत नव्हतं.

धाकटी : खरं सांगू? तुझं हरीण मला जास्त आवडलं. घुंगरावर काय, कुणीही मागे येईल.

ताई : लाडीगोडी पुरे. पहिलाच भाग लाव पुन्हा.

धाकटी : पुन्हा? दुसरा आहे ना.

ताई : माझा पहिला बघून झालाच नाही अजून. इकडे ये, जवळ बस. हा हात धर. ते घुंगरू वाजलं की दाबायचा.

धाकटी : आणि बाकीचं?

ताई : बाकीचं काय?

धाकटी : म्हणजे इतर काही वाजलं तर?

ताई : दाब की मग. काय काय आहे ते तरी कळू दे मला.

धाकटी : लावते. हं.

ताई : हे घुंगरू?

धाकटी : नाही, अजून ती आलीच नाहीये. हे वल्ह्यावरून पाणी ठिबकतंय.

ताई : आणि हे?

धाकटी : होडीची दोरी करकरतेय.

ताई : हे?

धाकटी : काडी ओढली तिनं. आणि ही दिव्याची काच. आता आलं बघ, घुंगरू. छुन. छुन.

ताई : पुन्हा दाबलास. दोनदा.

धाकटी : लांब कुठेतरी पाखरू आहे. आणि दुसरं त्याला ओ देतंय.

ताई : एवढं सगळं वाजत असतं होय?