डावा दरवाजा

दामाजी : बाकी सगळं भर, पोपट. छत भर, पाठ भर, पायाखालचा पत्रा भर, इंजिनावरचं झाकण भर. डाव्या दरवाजाला हात लावायचा नाही.

पोपट : दामाजीभाऊ, असं नसतं हो. मडक्याला भोक ठेवून कोणी पाणी भरतं का? ट्रकच्या केबिनला पाच बाजूंना फोम मारायचा आणि एक दरवाजा नुसता पत्रा ठेवायचा, म्हणजे ऊन तिथूनच आत. मग तुम्हीच चार जणांना सांगणार, पोपटने बसवलेला एसी थंडच करत नाही. वागळे इस्टेटमध्ये आपलं थोडंफार नाव आहे.

दामाजी : नाव राहील तुझं. मी सांगीन, दरवाजा मीच सोडायला लावला.

पोपट : मॅडम, तुम्ही बोला. तुमचे काका आहेत. मी बोललो तर मेकॅनिक बोलला, तुम्ही बोललात तर कॉलेज बोललं.

दक्षता : माझ्या बोलण्याचा विद्यार्थ्यांवर जो परिणाम होतो, पोपटराव, तोच काकांवर होईल, ते आदराने मान हलवतील आणि स्वतःला हवं तेच करतील. तरी बोलते. काका, गेल्या महिन्यात टोलनाक्यावर तुम्हाला भोवळ आली. मागच्या गाडीचा ड्रायव्हर उतरून तुमच्या डोक्यावर पाणी ओतायला आला नसता, तर हा वाद घालायला मला आज कोणी उरलं नसतं. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. तुम्ही म्हणालात, सोडणार नाही. म्हणून तिसरा मार्ग काढला : केबिन थंड करायची, मग उद्या नागपूरला निघायचं. एक दरवाजा वगळायचं कलम त्या करारात नव्हतं.

दामाजी : तुझा बाप नेहमी म्हणायचा, ही पोरगी मास्तरीण नको, वकील पाहिजे होती.

दक्षता : आबा असते, तर आपण इथे आलोच नसतो.

पोपट : आबा म्हणजे, तो जुना एसी बसवणारे? हा बघा, आता छतावरून उतरवलाय. मोटारीचा दिसतो.

दामाजी : भंगारातल्या मोटारीचा. विठ्ठलवाडीच्या बाजारातून आणलेला. माझा धाकटा भाऊ, हिचा बाप. दोघांनी मिळून चालवली ही गाडी. सहा तास तो, सहा तास मी. त्यानं बसवला तेव्हा एक उन्हाळा चांगला चालला. मग गॅस गेला. मग नुसता गरम वारा फेकायचा. आबा म्हणायचा, दादा, बंद नको करू, निदान आवाज तरी थंड आहे.

पोपट : हा हा! भारी माणूस. पण एवढ्या मोठ्या केबिनला मोटारीचा एसी म्हणजे हत्तीला चमच्याने पाणी पाजणं. आता नवा बसवलाय ना, तो छतावरचा, बॅटरीवरचा. इंजिन बंद ठेवून झोपलात तरी चालू राहणार. पण खरं काम एसीचं नाही मॅडम, फोमचं. थंड कोणी पण करेल; थंड धरून ठेवणं अवघड.

दक्षता : हे ज्ञान या गाडीला पहिल्यापासून होतं. मागच्या पेटीचं दार उघडून पाहिलंत का?

पोपट : बघितलं ना. एकदम फर्स्ट क्लास. चार-चार इंचाचा फोम, डबल रबर, आत वेगळा कॉम्प्रेसर. लसी नेतात ना भाऊ तुम्ही?

दामाजी : लसी, इंजेक्शनं. दोन अंश ते आठ अंश. खाली नाही, वर नाही.

दक्षता : म्हणजे एकाच चासीवर दोन हवामानं. मागे शिमल्याची सकाळ, पुढे भट्टी. आणि मधे एक पत्रा. मागच्या मालासाठी दर मिनिटाला तापमान टिपणारं यंत्र आहे. पुढच्या दोन माणसांसाठी ओला गमछा होता. आता नव्या गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. जुन्या गाड्यांमधल्या माणसांना ऊन लागत नाही, असा सरकारचा अभ्यास असावा.

पोपट : मॅडम रागावल्या की पण कसं छान बोलतात.

दामाजी : राग नाही तो. राग बरा. हे चार वर्षं असंच थंड चाललंय.

पोपट : बरं, ते राहू द्या. भाऊ, दरवाजाचं कारण तरी सांगा. सकाळपासून विचारतोय.

दामाजी : ठोका ऐकू येणार नाही.

पोपट : हां, हे आलं लक्षात! मॅडम, सकाळी गाडी शेडमध्ये घेताना गंमत झाली. मी मागे उभा राहून बोंबलतोय, ‘येऊ द्या, येऊ द्या’, तर हे हलेनात. शेवटी येऊन डाव्या दरवाजावर दोनदा ठोकलं, तेव्हा गाडी सरकली.

दामाजी : आमची रीतच ती. ओरडलेलं इंजिनाच्या आवाजात कळत नाही. एक जण गाडीवर, दुसरा खाली, डाव्या अंगाला. दोन ठोके, चल. एक ठोका, थांब. तीस वर्षांत आबानं मला तोंडानं ‘थांब’ म्हटलेलं आठवत नाही.

पोपट : एवढंच ना? मागे कॅमेरा लावून देतो. इथे स्क्रीन, रिव्हर्स टाकला की आपोआप दिसणार.

दामाजी : कॅमेरा लाव. दरवाजा राहू दे.

दक्षता : पोपटराव, बाकीचं काम झालं आहे ना? मग एसी सुरू करा. काका चालकाच्या जागी बसतील, मी डावीकडे बसते. बिनफोमचा दरवाजा किती तापतो ते माझ्याच खांद्याला कळेल. पुराव्याशिवाय आमच्या घरात कोणी हरत नाही.

पोपट : बसा. काचा पूर्ण वर घ्या. भाऊ, कोपर आत! तीस वर्षांची सवय आहे, पण काच कोपरावर बंद होत नाही.

(इंजिन बंद. छतावरचा एसी बॅटरीवर सुरू होतो. पोपट खाली उतरतो आणि दार लावतो.)

दामाजी : अगं, हे काय? आवाज कुठे गेला सगळा? समोरच्या कारखान्याचं मशीन चालू होतं ना?

दक्षता : चालूच आहे. तिकडे पट्टा फिरतोय, बघा. आपल्यापर्यंत येत नाही एवढंच.

दामाजी : पोपट काहीतरी बोलतोय. तोंड हलतंय नुसतं. पाण्यातला मासा दिसतो.

दक्षता : अंगठा दाखवा, म्हणजे गप्प बसेल.

दामाजी : गार लागतंय, दक्षे. मानेवर. हे असं त्या दिवशी असतं ना.

दक्षता : नव्हतं. बाहेर सत्तेचाळीस होतं आणि आत त्याहून जास्त. तुम्ही त्याबद्दल बोलू नका, असं मी म्हणत नाही. पण मला सगळं पाठ आहे. आबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं आहे, ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. जगातला प्रत्येक माणूस त्याच कारणाने मरतो, म्हणून ते कोणाचंच कारण नसतं. ऊन हा शब्द कुठेही नाही. मी तीन कचेऱ्यांना लिहिलं. एका कचेरीने उत्तर पाठवलं की उन्हाने मेल्याचा पुरावा जोडावा. पुरावा आहे माझ्याकडे, पण तो माझ्या बापाच्या नावावर नाही, लसींच्या नावावर आहे.

दामाजी : तो कागद अजून ठेवलायस?

दक्षता : तापमानाचा आलेख. दोनपासून आठपर्यंत शांत रेघ, नदीकाठच्या पायवाटेसारखी. मग दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी मागचं दार उघडलं. रेघ चढत अकरावर गेली. एकोणीस मिनिटांनी दार बंद. खाली कंपनीचा शेरा : ‘चालकाने विनापरवाना दार उघडल्याने मालाची प्रकृती बिघडली.’ माझ्या वडिलांच्या शेवटच्या एकोणीस मिनिटांची लेखी नोंद एवढीच.

दामाजी : मीच उघडलं. त्याला खांद्यावर टाकून आत नेला. खोक्यांच्या मधे जागा केली आणि आडवा केला. दार उघडलं तसं आतलं पांढरं धुकं बाहेर आलं, गुडघ्यापर्यंत. एवढ्या उन्हात धुकं, दक्षे. रस्ता दिसेना, गाडी दिसेना. वाटलं, आपण दोघं कुठल्या तरी डोंगरावर आलो. आबाच्या पापणीवर थेंब धरले. तो म्हणाला, दादा, बरं वाटतंय.

दक्षता : हे तुम्ही सांगितलं आहे.

दामाजी : हे सांगितलंय. त्याच्या आधीचं नाही सांगितलं.

दक्षता : आधीचं काय?

दामाजी : तू बसलीस ना, तिथेच बसला होता. तसंच डोकं दरवाजाला टेकून. मला वाटलं झोपलाय. सहा तासांची पाळी करून बसलेला माणूस, झोपणारच. समोर रस्ता असा पाण्यासारखा हलत होता. मधेच डावीकडून आवाज आला. टक्. एकच.

दक्षता : ठोका?

दामाजी : पत्रा गं. पत्रा बोलतो. तापला की फुगतो, निवला की आकसतो, टक् करून वाजतो. उन्हाळ्यात दिवसभर चालू असतं ते. मी म्हटलं, पत्रा बोलला. थोड्या वेळानं परत, टक्. म्हटलं, आज फार तापलाय. मग तिसऱ्यांदा आला, तो बारीक होता. मग बराच वेळ काहीच नाही. तेव्हा मी बघितलं, तर त्याचा हात दरवाजावर होता. बोट असं मुडपलेलं.

दक्षता : काका.

दामाजी : एक ठोका म्हणजे थांब. तीस वर्षांत त्यानं एक ठोका मारला आणि मी थांबलो नाही, असं एकदाच झालं. तू कंपनीला लिहितेस, कचेरीला लिहितेस. मला वाटायचं, एक पत्र विठ्ठलवाडीला माझ्या घरी, माझ्या नावानं पण टाकावंस. पत्ता मीच दिला असता.

दक्षता : हे तुम्ही चार वर्षं...

दामाजी : म्हणून दरवाजा भरायचा नाही. आता पत्रा वाजला की मी थांबतो. दर वेळी. कडेला घेतो, डावीकडे बघतो, मग निघतो. नागपूरला पोचायला दोन तास जास्त लागतात. लोकांना वाटतं, म्हातारा झाला.

दक्षता : आणि टोलनाक्यावर भोवळ आली, ती भर उन्हात असं थांबत थांबत गेल्यामुळे.

दामाजी : असेल. मोजलं नाही. आज वाजत नाही बघ. ऊन उतरलं की वाजेल. दक्षे, डोळे जड झाले. या गारव्यात काहीतरी मिसळलंय पोपटनं.

दक्षता : झोपा थोडं.

दामाजी : गाडीत बसून झोपायचं नसतं. पण हे धुकं छान आहे. दिसतंय ना तुला? पांढरं.

दक्षता : दिसतंय.

दामाजी : दरवाजाचं तू ठरव. मी नाही ठरवत आता. भाऊ माझा होता, पण बाप तुझा होता.

दक्षता : काका? ... काका, झोपलात?

पोपट : मॅडम, काच जरा खाली घ्या. काय म्हणतात भाऊ? थंड कसं आहे?

दक्षता : हळू बोला. झोपले आहेत.

पोपट : अरे वा. पंधरा मिनिटांत घोरायला पण लागले? म्हणजे काम पास. बघा, घाम पण नाही कपाळावर. पण तुमच्या बाजूला गरम लागतं की नाही? खरं सांगा.

दक्षता : लागतं. खांदा भाजतोय.

पोपट : बोललेलो ना मी! मग काय, भरू का दरवाजा? शीट कापून ठेवलीय. पॅनेल खोलायचं, शीट चिकटवायची, रोलर फिरवायचा, वरून फोम. अर्धा तास. भाऊ उठायच्या आधी होईल.

दक्षता : शीट बसली की पत्र्याचा आवाज राहील?

पोपट : नाव नको. डांबरासारखी असते ना ती, पत्र्याला धरूनच ठेवते. ठोकलं तरी भद्द वाजणार. बाहेरून ढोल बडवा, आत भजन चालू ठेवा.

दक्षता : हा पत्रा निवायला किती वेळ लागेल?

पोपट : आता? ऊन गेलंच बघा. शेजारच्या शेडची सावली चाकापर्यंत आली. दरवाजावर यायला पाच-सात मिनिटं, मग अजून पाच. का हो?

दक्षता : तेवढं थांबा. काच वर घेते आहे. मी हात केल्याशिवाय दरवाजाला स्पर्श करू नका, आणि तिकडे रोलरही आपटू नका.

पोपट : नाही आपटत. पण असं डोकं टेकून बसू नका मॅडम, चटका बसेल.

दक्षता : बसू दे.

पोपट : मॅडम? सावली आली दरवाजावर. हात केलात ना? झालं? अहो, काच पण घेतलीत खाली. चटका बसला का?

दक्षता : तुम्ही आता दरवाजाला हात लावला होता?

पोपट : आईशप्पथ नाही. मी तिकडे चहा सांगायला गेलेलो. हे आत्ता येतोय.

दक्षता : बाहेर कोणीच नव्हतं?

पोपट : कोणीच नाही. का, काय झालं?

दक्षता : पत्रा वाजला. एकदाच. मला माहीत होतं की तो वाजणार आहे, मी त्याचीच वाट पाहत होते, कान लावून बसले होते. तरी माझी मान वळली. मला वाटलं, कोणीतरी बोटाने ठोकलं.

पोपट : असं होतं. नवीन माणूस फसतो.

दक्षता : जुनाही फसतो. पोपटराव, काकांच्या जागी मी असते तर मीही गाडी थांबवली नसती.

पोपट : कुठली गाडी?

दक्षता : हीच. ते उठले की त्यांना सांगायचं आहे मला. तोवर भरून टाका दरवाजा. थोडं हळू, आज त्यांना कशानेही जाग यायला नको.