काकूंचं विरजण आणि आमचे जंतू

आईशप्पथ, शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे बराचसा.

तेव्हा मी अंधेरीच्या कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. शिकवायला लागणारे जंतू नळ्यांत जिवंत ठेवायचे, हे माझं काम. एकदा प्रिन्सिपॉलनी लॅबच्या फ्रीजमध्ये आपले हापूस ठेवले आणि नळ्या बाहेर उन्हात. दह्याचे जंतू खलास. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरच प्रॅक्टिकलची परीक्षा.

परीक्षा घेणारे आमचे सर म्हणाले, "उद्या जंतू नसले तर तूही नसशील."

मला आठवलं, शेजारच्या काकूंचं विरजण नासलं तेव्हा मीच त्यांना आमच्या नळीतलं दिलं होतं. धावत गेलो, तर काकू देवापुढे दिवा लावत होत्या.

"काकू, चमचाभर विरजण द्या ना."

"दिवेलागणीला विरजण देतात का रे मेल्या?"

"माझी नोकरी जाईल."

"आणि माझी लक्ष्मी जाईल. इथे बसून खायचं तर वाढते."

बसलो पाटावर. तोंडभर दही घेतलं आणि गाल फुगवून बस पकडली. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, मी बोट दाखवलं. लॅबमध्ये येऊन दुधाच्या नळीत थुंकलो.

सकाळी सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "दह्याचे आहेत. पण हे दुसरे कोण?"

"आमच्या घरचे, सर."

"सुबक आहेत. आकृती त्यांचीही काढायला देऊ."

हसतोस काय? त्या परीक्षेला तू होतास ना? त्या आकृतीला तुला पैकीच्या पैकी मिळाले. माझ्या दाढेतले होते ते. चल, चहाचे पैसे काढ.