बोहनीची बाई

वारासिवनीहून बालाघाटला जाणारी बस भरली होती. कमलाबाईंच्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. तरुण पोरीच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता.

“पहिल्यांदा बाजारात दुकान लावलं, काकू, अन् बोहनीलेच अशी बाई!”

“काहून, काय झालं वं श्रिया?”

“धानाच्या लोंब्यांचे झुमके माहे! एकेक दाणा रंगवला, डोळे फुटाची पाळी आली. अन् ही म्हणते, आम्ही तर हे चिमण्यांसाठी दारावर टांगतो, कानात काहून टांगाचं?”

“मंग जाऊ द्याचं तिले.”

“जाते कुठं! सगळे जोड कानात घालून पाह्यले, माह्याच आरशात. मले वाटलं, आता घेते. तर मोबाइल काढून फोटोच काढत बसली!”

“फोटो कायले?”

“म्हणे, पोरीले पाठवतो, ते घरीच बनवन. धान तर आपल्याच वावरातलं आहे!”

“अन् तू चूप राह्यली?”

“बोहनीच्या गिऱ्हाइकाशी भांडू नाही, हे तुम्हीच सांगतलं होतं ना!”

“माह्यंच चुकलं. पुन्हा दिसली तर ओळखशीन?”

“कानावरूनच ओळखीन! सामान भरताना एक जोड कमी निघाला. तिच्या कानातच गेला तो.”

मागे कमलाबाईंनी कानाला हात लावला. रंगवलेले दाणे बोटांना लागले. त्यांनी घाईघाईने पदर डोक्यावर ओढायला घेतला, तेवढ्यात मागून कंडक्टरने तिकीट विचारलं आणि श्रिया वळली.