हातावरची चाई

हसू नका बायांनो, त्या श्रावणात मला आमच्या ह्यांच्यावर संशयच आल्ता. परतूरच्या उकाड्यात माणूस लांब बाह्यांचा सदरा कशाला घालेल? शिवाय रोज न्हाणीघराला आतून कडी. एकदा जेवून हात धुताना बाही वर सरकली, तर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस न्हाई! चाई लागली आणि माझ्यापासून लपवून राह्यले, असं वाटून मी लगेच महादेवापुढं सोळा सोमवार बोलले.

दुसऱ्याच सोमवारी ह्यांची कडी लावायची राहिली. आत बघते तर बादलीत दोन विटकरी दगड भिजत पडलेले, आणि हे वस्तरा घेऊन पोटरीवर!

"अहो, हे काय?"

"भाच्यानं जपानी दगड पाठवलेत, कारखान्यात बनवलेले. कोणता बराबर धार लावतो ते पाहून राह्यलो. श्रावणात दाढी करायची न्हाई, हे तूच सांगितलं. वस्तरा दिसला असता तर ऐकलं असतं का तू? दोन्ही हात तर संपले."

"आणि मी तुमचे केस परत यावेत म्हणून सोळा सोमवार बोलले!"

हे एकदम खूश. "मंग बिलकुल सोडू नको. तिसरा दगड दिवाळीत यायचाय."