गोठ्यापुढचा दिवा

आमच्या बोळात पंचायतीचा दिवा सुखासुखी लागला असं वाटतं का तुम्हाला? मी तेव्हा आकुर्डीच्या कंपनीत नवा होतो. आम्ही चौघं शेजारच्या गावात तात्यांच्या खोलीत भाड्यानं राहायचो. बोळात मिट्ट काळोख. दिवा मागायला पंचायतीत गेलो, तर ग्रामसेवक म्हणाले, "तिथं खोली कुठली? तिथं गोठा आहे. गोठ्याला कशाला हवा दिवा?"

घरपट्टी कमी बसावी म्हणून तात्यांनी कागदोपत्री आम्हाला गोठ्यात घातलं होतं, राव!

मग ग्रामसेवक स्वतः बघायला आले. आत चार खाटा, स्टोव्ह, दोरीवर आमच्या चड्ड्या. तात्या ढिम्म. "सायेब, गोठाच हाय. जनावरं चरायला गेल्यात. ही पोरं राखणीला ठेवल्यात." आणि आमच्याकडं बघून असे डोळे वटारले, की आम्हीही मुकाट माना हलवल्या. खोली गेली असती ना!

एक तारखेला तात्या भाडं मागायला हजर. आमच्यातला गणपत खाटेवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "भाडं कसलं, तात्या? आधी आमचा राखणीचा पगार काढा. का ग्रामसेवकांना बोलावू?" त्याच आठवड्यात तात्यांनी स्वतः पंचायतीत जाऊन गोठ्याची खोली करून घेतली, आणि बोळात दिवा लागला.