अर्धा स्वर खाली

दिग्दर्शिका: दार लावून घ्या, काका. बाहेर दोनशे माणसं प्रेक्षकांचे पोशाख घालून बसली आहेत, आणि त्यांतली निम्मी कान टवकारून. आता मला सांगा, हे काय आहे?

लिपिकार: स्वरलिपी. बत्तीस वादकांसमोरच्या स्टँडांसाठी बत्तीस जणांची पानं. आपण मागितली, मी आणली.

दिग्दर्शिका: मी मागितली तिसऱ्या अंकातल्या शेवटच्या गाण्याची. आमचे संगीत सल्लागार आत्ता धापा टाकत आले. पानांवरचं गाणं ध्वनिमुद्रणापेक्षा अर्ध्या स्वराने खाली लिहिलंय म्हणतात. एखाद्या पानावर नव्हे, बत्तीसच्या बत्तीस! कॅमेरा व्हायोलिनवाल्याच्या खांद्यावरून थेट पानावर जाणार आहे. ज्याला थोडंफार संगीत कळतं तो चित्रगृहात पोट धरून हसेल.

लिपिकार: हसेल खरा.

दिग्दर्शिका: एवढंच? एका ऑपेरा-संगीतकाराचं आयुष्य पडद्यावर आणायला मी चार वर्षं घातली. तुम्ही त्यांचे लिपिकार. त्यांचं हस्ताक्षर हुबेहूब उतरवणारे जगात तुम्ही एकटे उरलात. म्हणून घरी गाडी पाठवली. आणि नेमकी आजच चूक? एक वाजता हे नाट्यगृह रिकामं करून द्यायचंय. पुन्हा मिळायचं नाही.

लिपिकार: चूक असती, तर क्षमा मागून मी ती इथेच बसून दुरुस्त केली असती. ही चूक नाही.

दिग्दर्शिका: मग काय आहे? ...कागद मात्र कमालीचा जुना केलात हं. आमच्या कलाविभागाची मुलं पानं चहाच्या पाण्यात बुडवून बुडवून थकली; त्यांना हा रंग साधला नाही. तुम्ही कशात बुडवलीत?

लिपिकार: कशातही नाही. तो आपसूक आला. एक्कावन्न वर्षं लागली.

दिग्दर्शिका: ...काका, ही पानं तुम्ही आता लिहिलेली नाहीत.

लिपिकार: नाही. या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी लिहिली. सकाळी अकरापासून पाचपर्यंत. मध्ये जेवायलाही उठलो नाही.

दिग्दर्शिका: पण त्या प्रयोगात गाणं वरच्याच पट्टीत झालं! अख्ख्या जगाला माहीत आहे. नायिकेच्या भूमिकेत त्यांची पत्नी होती, शेवटच्या वरच्या स्वरावर भर सभेत तिचा आवाज फाटला आणि ती पुन्हा कधी गायली नाही. आजचा प्रसंग त्यावरच तर उभा आहे! पत्नी चिठ्ठी पाठवते, 'घसा साथ देत नाही, पट्टी उतरवा', आणि संगीतकार ती चिठ्ठी फाडून टाकतात.

लिपिकार: त्यांनी फाडली नाही. तिच्याखाली माझ्यासाठी दोन शब्द लिहिले, 'सगळं उतरव', आणि चिठ्ठी माझ्या हाती दिली.

दिग्दर्शिका: आणि हे तुम्ही आज सांगताय? नट रंगून बसलाय, दिवे लागलेत, आणि तुम्ही आज सांगताय?

लिपिकार: मला पटकथा परवा वाचायला मिळाली. वाचल्यावर कपाट उघडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

दिग्दर्शिका: ऐका, काका. फाडलेल्या चिठ्ठीची हकिगत मी मनाने रचलेली नाही. त्यांच्या मुलीने सांगितली. ताई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, सज्जात बसून सगळं पाहत होत्या. या चित्रपटाला त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर, की बाबांना देवपण द्यायचं नाही. जसे निर्दय होते तसेच दाखवायचे. त्यांनी सही मागे घेतली तर माझी चार वर्षं मातीत जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज चित्रण उरकू या, मग आपण सावकाश...

(कन्या आत येते. तिच्या हातात संगीतकाराचं काम करणाऱ्या नटाचा चष्मा आहे.)

कन्या: तुमच्या नटाच्या हातून हा काढून आणलाय. सारखा पुसतोय! माझ्या बाबांनी उभ्या जन्मात चष्मा पुसला नाही. सगळं जगच त्यांना धुरकट दिसायचं, मग आम्ही कुठून दिसणार? ...अगंबाई, लिपिकारकाका! किती वाळलात हो तुम्ही.

लिपिकार: छकुली, बस जरा.

कन्या: साठी झाली माझी, आणि यांची अजून छकुलीच. ...काय झालंय? दोघंही माझ्याकडे असं का बघताय? कोणी गेलं का?

दिग्दर्शिका: नाही हो, ताई. पानांचा थोडा घोळ झालाय, आम्ही निस्तरतोय. तुम्ही पाच मिनिटं प्रेक्षागृहात...

लिपिकार: घोळ नाही. छकुली, तुझ्या आईने त्या दिवशी पट्टी उतरवायला सांगितली. तुझ्या बाबांनी मान्य केलं. मी बत्तीस पानं उतरवून लिहिली. ती ही.

कन्या: ही? मग आई वरच्या पट्टीत का गायली?

लिपिकार: मी ती स्टँडवर ठेवली नाहीत.

कन्या: विसरलात?

लिपिकार: विसरलो असतो तर आज ताठ मानेने उभा राहिलो असतो. डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याची एक रिकामी पेटी होती, तिच्यात ठेवून झाकण लावलं. स्टँडवर जुनीच राहू दिली.

दिग्दर्शिका: पण का, काका?

लिपिकार: घंटेसाठी.

कन्या: कसली घंटा?

लिपिकार: पहिल्या अंकात देवळाची घंटा वाजते. नायिकेचं शेवटचं गाणं चढत चढत त्याच स्वरावर पोचतं, आणि तिचा स्वर विरता विरता पडद्यामागून ती घंटा पुन्हा वाजते. अडीच तासांची सगळी रचना त्या एका मीलनासाठी केलेली. गाणं अर्ध्या स्वराने उतरवता येतं. काशाची घंटा कशी उतरवणार? मी गुरुजींना, तुझ्या बाबांना, विचारलं. ते म्हणाले, 'घंटा वाजवू नका. घंटेशिवाय चालेल.' छकुली, मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. त्यांचं एकेक अक्षर मी मंत्रासारखं उतरवत असे. ज्याने तो मंत्र रचला, तोच म्हणत होता की शेवटचा शब्द गाळा! मला वाटलं, हा क्षणाचा दुबळेपणा आहे आणि त्यांचं रक्षण करणं हा माझा धर्म आहे. वहिनींचा, तुझ्या आईचा, आवाज पोचेल, मला खात्री होती. आदल्या दिवशीच्या तालमीत पोचला होता.

कन्या: तुमचा धर्म! आणि घसा माझ्या आईचा.

लिपिकार: होय.

कन्या: हे बाबांना कधी कळलं?

लिपिकार: पहिल्याच सुराला. वाद्यवृंद ते स्वतःच चालवत होते. गाण्याआधी आठ आवर्तनं नुसती वाद्यं वाजतात. हात थांबवला असता तर सगळे थांबले असते.

कन्या: नाही थांबवला?

लिपिकार: नाही. प्रयोग संपल्यावर मी जाऊन पाय धरले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'तू कागद ठेवले नाहीस. मी हात थांबवला नाही. तुझा अपराध माझ्या अपराधात मावतो. वेगळा ठेवायचं कारण नाही.' दुसऱ्या दिवशी वहिनींना त्यांनी सांगितलं, की बदल मीच रद्द केला.

कन्या: 'मला तो स्वर हवा होता.' असंच म्हणाले होते. मी दाराआड उभी होते. आई रडली नाही, तिने फक्त केसांतला काटा काढून टेबलावर ठेवला.

दिग्दर्शिका: आणि चिठ्ठी, ताई? फाडताना तुम्ही पाहिलीत ना?

कन्या: ...नाही. पाहिली नाही. आईनेही तसं सांगितलं नव्हतं. मीच कधीतरी कोणाला तरी सांगितलं असेल, आणि मग सांगत गेले. इतक्यांदा सांगितलं की आता मला कागद फाटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

दिग्दर्शिका: देवा! म्हणजे माझा मुख्य प्रसंग...

कन्या: तुमचा प्रसंग! आई गेल्यावर एकोणीस वर्षं मी बाबांच्या घराची पायरी चढले नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांनी एकदाही बोलावलं नाही. बोलावलंत तुम्ही, काका. तुमचं पत्र आलं होतं, 'एकदा येऊन जा.' वळणदार अक्षरात. त्याच पत्रात आणखी चार ओळी लिहिता आल्या नाहीत?

लिपिकार: लिहिल्या होत्या. स्वच्छ प्रत करताना वगळल्या.

कन्या: वा!

लिपिकार: बोल, छकुली. तू बोलशील ते थोडंच आहे.

कन्या: मी काही बोलणार नाही. बोलले तर तुम्हाला बरं वाटेल.

दिग्दर्शिका: ताई, पाणी घ्या. ...बाहेर दार वाजतंय, नाट्यगृहाचे व्यवस्थापक असतील. दोन मिनिटं थांबा हो! येतोय आम्ही! ...अकरा वीस झाले. मला नुसतं कळू द्या, काय करायचं? चित्रण रद्द करायचं असेल तर तसं सांगा, मी बाहेर जाऊन दोनशे जणांना घरी पाठवते.

लिपिकार: माझी एक प्रार्थना होती. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही. ही पानं आज स्टँडवर ठेवू द्या. कॅमेरा त्यांवरून फिरला नाही तरी चालेल. पण त्या बत्तीस स्टँडांवर ती एकदा असावीत, सिनेमात का होईना.

कन्या: नाही.

लिपिकार: छकुली...

कन्या: नाही, काका. त्या दिवशी जिथे होती तिथेच राहू देत. सिनेमात ठेवून तुम्ही मोकळे व्हाल. आणि पाहणाऱ्याला वाटेल, आई उतरवलेल्या पट्टीतही गाऊ शकली नाही. ते मी होऊ देणार नाही.

दिग्दर्शिका: ताईंचं बरोबर आहे. मग जुन्याच पट्टीतली पानं हवीत. ग्रंथालयात छापील असतील, मागवते. ध्वनिमुद्रण तेच चालेल, आवाज फाटतो तोही तसाच. फक्त चिठ्ठी फाडणं काढावं लागेल. पण मग त्या आठ आवर्तनांत तो करतो काय? पटकथेत तिथे एक ओळ आहे, 'संगीतकार अभिमानाने हात चालवतो.' बस.

कन्या: अभिमानाने, हे मीच सांगितलं होतं. सज्जातून मला बाबांची पाठ दिसत होती. ताठ, काळा कोट. नऊ वर्षांच्या मुलीला पाठ अभिमानीच दिसते.

दिग्दर्शिका: म्हणून मीही कॅमेरा सज्जातच लावलाय.

कन्या: काका, तुम्ही त्या वेळी कुठे होतात?

लिपिकार: खाली, तालवाद्यांच्या बाजूला. त्यांच्या समोर.

कन्या: चेहरा दिसत होता?

लिपिकार: दिसत होता.

कन्या: रागावलेले होते?

लिपिकार: नाही.

कन्या: मग कसे? शब्द निवडत बसू नका, काका. जन्मभर निवडलेत.

लिपिकार: घाबरलेले. पहिल्या आवर्तनात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यात वहिनींकडे. थांबवावं, तर गावभर होणार की बायकोचा आवाज संपला; न थांबवावं, तर ती उघड्यावर पडणार. आणि खोटं कशाला बोलू, त्यांना तो स्वर ऐकायचाही होता. हे सगळं एका तोंडावर येत-जात होतं. हात मात्र चालू. सातव्या आवर्तनात डावा हात जरा वर आला. मला वाटलं, आता थांबवतात. तो तसाच खाली गेला. मग वहिनी गाऊ लागल्या.

दिग्दर्शिका: ...ताई, नट चांगला आहे. पण हे त्याला जमेल का, मला सांगता येत नाही. आज जमलं नाही तर पुन्हा संधी नाही. फाडलेली चिठ्ठी सोपी होती हो! ती कोणालाही कळली असती.

कन्या: सोपी होती म्हणूनच मी इतकी वर्षं धरून बसले. कॅमेरा सज्जातून खाली आणा. समोरून घ्या.

दिग्दर्शिका: आणि तुमची अट? निर्दय दाखवायची?

कन्या: हात तर थांबवला नाहीच त्यांनी. तेवढं दाखवा. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

दिग्दर्शिका: बरं. मी दिवे हलवायला सांगते. एक वाजेपर्यंत फार तर दोनदा घेता येईल.

लिपिकार: मग मी निघतो. माझं काम राहिलं नाही. गाडी नको; चालत जाईन.

कन्या: कुठे निघालात? मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, काका. करेन की नाही तेही ठाऊक नाही. पण बसा. घाबरल्यावर माझे बाबा कसे दिसायचे, ते सांगू शकेल असं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.